शिडाच्या बोटीने डॉमिनिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरिबियनमध्ये शिडाची बोट घेऊन फिरणारे बहुतेक लोक मार्टिनिकहून ग्वाडलूपला जाताना डॉमिनिकाच्या किनाऱ्याजवळून पुढे निघून जातात किंवा जेमतेम एक रात्र थांबतात. आमच्या मते या बेटाला किमान पाच दिवस द्यावेत, आणि ते दिवस तिथल्या माणसांच्या सोबतीने घालवावेत. अशी सफर आखणाऱ्या मराठी वाचकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

डॉमिनिका म्हणजेच डॉमिनिकन रिपब्लिक का?

नाही. डॉमिनिकन रिपब्लिक हा हैतीशेजारचा स्पॅनिश भाषक देश आहे. डॉमिनिका हे ग्वाडलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधले, सुमारे ७५० चौरस किलोमीटरचे स्वतंत्र राष्ट्र असून तिथली राजभाषा इंग्रजी आहे. घरोघरी मात्र फ्रेंच वळणाची क्रिओल बोली ऐकू येते. ३ नोव्हेंबर १४९३ रोजी, रविवारी, कोलंबसला हे बेट दिसले, म्हणून त्याने त्याला रविवारचे नाव दिले. मूळच्या कालिनागो लोकांनी त्याला फार पूर्वीच ‘वाईतुकुबुली’, म्हणजे ‘उंच देहाची’, असे नाव दिलेले होते, आणि समुद्रातून येणाऱ्याला ते नाव अधिक पटते. आपल्या बृहन्मुंबईहून थोड्याच मोठ्या असलेल्या या भूभागावर मॉर्न डायाब्लोतँ हे शिखर १,४४७ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा सुमारे दोनशे मीटरच कमी, उंचीवर जाते. पांढऱ्या वाळूच्या लांबच लांब किनाऱ्यांची अपेक्षा मात्र ठेवू नये. इथली वाळू बहुतेक ठिकाणी ज्वालामुखीची, काळसर आहे.

जाण्यास योग्य काळ कोणता?

डिसेंबर ते मे. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम असून त्या काळात बहुतेक बोटी दक्षिणेला ग्रेनेडा किंवा ट्रिनिदादकडे सरकतात, आणि विमा कंपन्याही सहसा तीच अट घालतात. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत व्यापारी वारे काही दिवस पंचवीस ते तीस नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जोर धरतात. कॅरिबियनमधील खलाशी त्यांना ‘नाताळचे वारे’ म्हणतात. लहान मुले सोबत असतील किंवा समुद्र लागण्याचा त्रास असेल तर मार्च-एप्रिल अधिक सुखाचा ठरतो.

वादळाच्या हंगामात ‘काही दिवसांचाच तर प्रश्न आहे’ असे म्हणून धोका पत्करू नये. बेटावर सर्व बाजूंनी बंदिस्त असे एकही बंदर नाही; वायव्येकडच्या पोर्ट्समथ गावासमोरचा प्रिन्स रूपर्ट बे हा सर्वांत चांगला उपसागरही पश्चिमेला पूर्ण उघडा आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘लेनी’ हे वादळ नेहमीच्या दिशेच्या उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे आले, तेव्हा सुरक्षित समजले जाणारे पश्चिम किनारेच त्याच्या तडाख्यात सापडले. पुढे १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री पाचव्या श्रेणीचे ‘मारिया’ थेट बेटावर आदळले. बहुतेक घरांची छपरे गेली, खुद्द पंतप्रधानांच्या निवासस्थानाचेही गेले, आणि हिरवेगार डोंगर एका रात्रीत पानाविना तपकिरी झाले. जंगल आता पुष्कळ सावरले आहे, पण वाटाड्याबरोबर चालताना माथा तुटलेली जुनी झाडे तो आपणहून दाखवतो, त्या वेळी थांबून ऐकावे.

शेजारच्या बेटांवरून किती अंतर आहे आणि समुद्र कसा असतो?

ग्वाडलूपच्या दक्षिणेकडील ले सँत बेटांपासून पोर्ट्समथ साधारण वीस सागरी मैल आहे. पोर्ट्समथहून राजधानी रोझो जवळपास तेवढीच, आणि रोझोहून मार्टिनिकचे सँ-पिएर तीस-पस्तीस मैल. व्यापारी वारे पूर्वेकडून येत असल्याने बेटांमधल्या दोन्ही खाड्या (सामुद्रधुन्या) वारा बाजूने घेऊन ओलांडता येतात आणि सकाळी निघालेली बोट दुपारपर्यंत आरामात पोहोचते. उत्तरेची खाडी ओलांडताना आठवणीत ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की १२ एप्रिल १७८२ रोजी याच पाण्यात रॉडनीच्या ब्रिटिश आरमाराने द ग्रासच्या फ्रेंच आरमाराचा पराभव केला होता.

खरी परीक्षा मात्र खाडीत नसते, बेटाच्या आडोशाला असते. दोन बेटांच्या मध्ये वारा कोंडल्यासारखा जोरात वाहतो. बेटाचे टोक ओलांडले की उंच डोंगर तो अडवतात आणि शिडे लोंबकळू लागतात. नेमके त्याच वेळी एखाद्या दरीच्या तोंडातून अचानक झोत येतो आणि पूर्ण उघडलेल्या शिडांनिशी निवांत बसलेल्या बोटीला आडवी करतो. म्हणून खाडीत शिरण्याआधीच मुख्य शीड थोडे आखडून घ्यावे, आणि पश्चिम किनाऱ्याने जाताना इंजिन सुरू ठेवून शिडाची दोरी कोणाच्या तरी हाती असू द्यावी. किनाऱ्यालगत मासेमारीच्या सापळ्यांचे तरंगते खुणेचे डबे असतात. कित्येकदा ती नुसती प्लॅस्टिकची बाटली असते आणि तिची दोरी पंख्यात अडकते, म्हणून हे अंतर दिवसाउजेडीच कापावे.

मुंबईत किंवा गोव्यात शिकलेल्यांसाठी दोन गोष्टी. भारतात बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डावीकडे ठेवतात; कॅरिबियनमध्ये तो उजवीकडे ठेवतात. आणि मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, तर इथे हा फरक अर्ध्या मीटरच्या आतबाहेर असतो. त्यामुळे भरतीची वेळ पाहण्याची सवय सोडली तरी चालते, पण चुकून उथळ जागी बोट टेकली तर पुढची भरती येऊन सोडवील ही आशाही सोडावी लागते.

भारतीय पासपोर्टवर जाता येते का?

डॉमिनिका भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी आधी व्हिसा न घेता प्रवेश देते. अडचण येते ती शेजारच्या बेटांमुळे. बोट भाड्याने देणारी मोठी केंद्रे मार्टिनिकमधील ल मारँ आणि ग्वाडलूपमध्ये आहेत. ही बेटे फ्रान्सचा भाग असली तरी शेंगेन क्षेत्रात मोडत नाहीत, त्यामुळे साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालतो असे समजू नये. अर्ज करतानाच सागरापलीकडील फ्रेंच प्रदेशांचा स्पष्ट उल्लेख करून परवानगी मागावी. एका बोटीवर अमेरिकन, ब्रिटिश आणि भारतीय असे तीन प्रकारचे पासपोर्ट असणे हे परदेशस्थ मराठी कुटुंबांत नेहमीचेच, आणि सफरीचा मार्ग ठरतो तो त्यांतल्या सर्वांत अवघड पासपोर्टवरून. निघण्याआधी प्रत्येक बेटाचे चालू नियम संबंधित वकिलातीकडून तपासून घ्यावेत.

पोहोचल्यावर कोणत्या औपचारिकता पार पाडाव्या लागतात?

देशाच्या हद्दीत शिरताना उजव्या बाजूच्या दोरीवर पिवळा झेंडा चढवावा. नोंदणी पूर्ण झाल्यावर तो उतरवून यजमान देशाचा झेंडा लावावा. नोंदणी होईपर्यंत एकट्या कप्तानानेच किनाऱ्यावर जावे, बाकीच्यांनी बोटीवर थांबावे. सोबत सर्वांचे पासपोर्ट, बोटीची नोंदणीपत्रे आणि मागच्या बंदरातून निघाल्याचा दाखला लागतो. बोटीची माहिती ‘सेलक्लिअर’ या संगणकीय व्यवस्थेत आधीच भरून ठेवल्यास कचेरीतला बराच वेळ वाचतो. थोड्या मुक्कामासाठी येणाऱ्या खासगी बोटीला, माणसे तीच राहणार असतील तर, प्रवेश आणि निर्गमन एकाच वेळी नोंदवून देण्याची सोय आहे. रविवारी किंवा कचेरीच्या वेळेनंतर गेल्यास जादा आकार द्यावा लागतो.

कचेरीत पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने जाऊ नये. गावातही हा पेहराव असभ्य मानला जातो. लष्करी छाप्याचे कपडे घालणे तर सामान्य नागरिकांना कायद्यानेच मना आहे, मुलांच्या टोप्या आणि अर्ध्या चड्ड्यांसकट. बोलण्याची सुरुवात नेहमी ‘गुड मॉर्निंग’ने करावी. कामाचा प्रश्न थेट विचारणारा माणूस इथे उद्धट ठरतो. उलट नमस्कार करून क्षणभर थांबणाऱ्याला सगळे दरवाजे उघडतात.

बोटीजवळ येणारे स्थानिक नावाडी कोण असतात? त्यांना टाळावे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्यामागची भीती बहुतेक वेळा जुन्या कहाण्यांवर पोसलेली असते. एके काळी पोर्ट्समथला येणाऱ्या प्रत्येक बोटीभोवती मिळेल त्या तराफ्यावरून तरुणांचा गराडा पडे; फळे, दोरी बांधण्याचे काम, नदीची सफर यांसाठी आपसांत चढाओढ चाले, आणि तिला कंटाळून अनेक कप्तान ही जागा वगळू लागले. गिऱ्हाईक तुटले तर सगळ्यांचेच नुकसान, हे त्या नावाड्यांनीच ओळखले आणि ते संघटित झाले. ‘पोर्ट्समथ असोसिएशन ऑफ यॉट सिक्युरिटी’ ही त्यांची संघटना, आद्याक्षरांवरून (PAYS) सर्वांच्या तोंडी ‘पेज’. तिचे सदस्य प्रशिक्षित वाटाडे आहेत, उपसागरात त्यांनी मुअरिंगचे, म्हणजे नांगर न टाकता बोट बांधून ठेवण्याचे, बोये टाकले आहेत, हंगामात रात्रीची गस्त घालतात, आणि त्यांच्या किनाऱ्यावरच्या मेजवानीत साऱ्या बोटींवरची माणसे एकत्र येतात. बाहेरून कोणी शिस्त लावलेली नसताना, पोटासाठी एकमेकांशी भांडणाऱ्या माणसांनी स्वतः उभी केलेली ही व्यवस्था आहे, आणि ती टिकवण्यात पाहुण्यांचाही वाटा असतो.

तो वाटा असा. रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर आधीच संपर्क साधता येतो. तसे न केल्यास एखादा नावाडी खाडीतच गाठ घेतो. त्याला आपले नाव सांगावे, त्याचे विचारावे, आणि एकदा ‘हो’ म्हटले की मुक्काम संपेपर्यंत त्यालाच धरून राहावे. दुसऱ्याने थोडे स्वस्त सांगितले म्हणून माणूस बदलणे म्हणजे त्यांच्यातली जुनी चढाओढ पुन्हा पेटवणे होय. आधीच कोणाशी ठरले असेल तर तसे स्पष्ट सांगितल्यावर बाकीचे हात हलवून निघून जातात. नको असेल तेव्हा नम्रपणे ‘नको’ म्हणावे. न पाहिल्यासारखे करणे सर्वांत वाईट. दर आधी विचारून घ्यावेत, परंतु भाजी मंडईतली घासाघीस इथे करू नये.

नांगर टाकावा की मुअरिंग घ्यावे?

प्रिन्स रूपर्ट बे प्रशस्त आहे आणि तिथे नांगर टाकायला भरपूर जागा आहे. तरीही आम्ही मुअरिंगच सुचवू, कारण त्याचे पैसे गस्तीसाठी उपयोगी पडतात आणि तळाचीही नासधूस होत नाही. रोझोसमोर तर समुद्राचा तळ इतका झपाट्याने खोल जातो की मुअरिंग हाच शहाणपणाचा मार्ग आहे, आणि तिथे हेलकावेही अधिक बसतात. दक्षिण टोकाच्या सूफ्रिएर-स्कॉट्स हेड सागरी राखीव क्षेत्रात नांगर टाकण्यास मनाई आहे. डिंगीला, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करण्याच्या छोट्या होडीला, रात्री कुलूप लावावे किंवा ती वर उचलून ठेवावी; हे साऱ्या कॅरिबियनमध्येच करावे लागते.

इंडियन रिव्हरचा भारताशी काही संबंध आहे का?

नाही, पोर्ट्समथजवळच्या या नदीच्या काठी राहणाऱ्या कालिनागो लोकांमुळे युरोपीयांनी तिला हे नाव दिले. नदीत इंजिन चालवण्यास बंदी असून वाटाड्याच्या वल्ह्यांवरच आत जाता येते, आणि ही बंदी किती योग्य आहे ते पहिल्या वळणावरच समजते. दोन्ही काठांवर ब्लडवूडची झाडे आहेत. त्यांची उभ्या फळ्यांसारखी मुळे नागमोडी वळत पाण्यात उतरतात, वरच्या फांद्या एकमेकींत मिसळून छत होते आणि वल्ह्याच्या थेंबांचाही आवाज ऐकू येतो. सकाळी लवकर निघावे.

फोर्ट शर्लीला जाण्याइतके तिथे काय आहे?

प्रिन्स रूपर्ट बेच्या उत्तर टोकाला कॅब्रिट्स या भूशिरावर अठराव्या शतकात ब्रिटिशांनी बांधलेला हा किल्ला १८५४ मध्ये सोडून देण्यात आला आणि पुढे जंगलाने गिळला. इतिहासकार लेनॉक्स हनीचर्च यांच्या पुढाकाराने त्यातील मुख्य इमारती पुन्हा उभ्या राहिल्या. आपल्याला किल्ल्यांची ओढ असतेच, पण इथली गोष्ट वेगळी आहे. इथल्या ब्रिटिश लष्कराच्या आठव्या वेस्ट इंडिया रेजिमेंटमध्ये आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसे सैनिक होती. पगार थकलेला, दलदल साफ करण्याचे काम माथी मारलेले, आणि आता आपल्याला मळ्यांवर विकणार अशी कुणकुण, या अवस्थेत एप्रिल १८०२ मध्ये त्यांनी बंड केले आणि किल्ला ताब्यात घेतला. बंड रक्तपाताने मोडले गेले. मात्र १८०७ मध्ये ब्रिटिश लष्करातील सर्वच गुलाम सैनिकांना मुक्त करण्यात आले, आणि त्या निर्णयामागे या बंडाची आठवण होती. तटावरून खाली आपली बोट दिसते. तिथे बसून ही हकिकत वाटाड्याच्या तोंडून ऐकावी.

उकळत्या तळ्यापर्यंत कोणाला जाता येईल?

सह्याद्रीत दिवसभर चढ-उतार करण्याची सवय असलेल्या कोणालाही. रोझोच्या वरच्या अंगाला लॉदा गावाजवळ वाट सुरू होते आणि जाऊन-येऊन सहा-सात तास लागतात. वाटेत ‘व्हॅली ऑफ डेझोलेशन’ नावाची उजाड दरी लागते, जिथे जमिनीतून गंधकाची वाफ निघते आणि ओढ्याचे पाणी हाताला चटका देते. शेवटी सुमारे साठ मीटर रुंदीचे, वाफेत झाकलेले, करड्या रंगाचे तळे मध्यभागी खदखदताना दिसते. हा भाग १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात असलेल्या मॉर्न त्रुआ पितों राष्ट्रीय उद्यानात येतो. वाटाडा घेतल्याशिवाय जाऊ नये. दरीतील जमिनीचा कवच कुठे पातळ आहे हे त्यालाच ठाऊक असते. चढणाऱ्याने आदल्या दिवशी बोटीवर दगदग करू नये.

कालिनागो लोकांच्या वस्तीत पाहुण्यांनी जाणे योग्य आहे का?

योग्य आहे, ते स्वतः बोलावतात. १९०३ मध्ये पूर्व किनाऱ्यावर राखून ठेवलेल्या ३,७०० एकरांच्या या प्रदेशात सुमारे तीन हजार कालिनागो राहतात. जमीन सामायिक मालकीची असते आणि प्रमुख निवडून दिला जातो. २०२३ मध्ये सिल्व्हेनी बर्टन या कालिनागो समाजातील पहिल्या, तसेच पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. पूर्व किनाऱ्यावर थेट अटलांटिकच्या लाटा येतात, म्हणून बोट पश्चिमेला ठेवून गाडीने जावे.

शिडाच्या बोटीतून आलेल्याने त्यांच्या होड्या अवश्य पाहाव्यात. गोमिए या झाडाचे एकसंध खोड पोखरायचे, मग त्यात पाणी आणि दगड भरून विस्तवाच्या उष्णतेने कडा हळूहळू फाकवायच्या. त्यावर बाजूच्या फळ्या चढतात. याच होड्यांतून हे लोक बेटांमागून बेटे वसवत आले. तिथेच कसाव्याची भाकरी भाजतात. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा कंद. त्याच्या कडू जातीत विषारी अंश असतो, म्हणून तो किसून, पिळून आणि तापलेल्या तव्यावर भाजूनच खातात. मारियानंतर हीच माणसे छपराविना राहिली होती. हस्तकलेची टोपली घेताना घासाघीस न करण्याचे तेवढे कारण पुरे.

शाकाहारी माणसाचे कसे होते?

उत्तम. शनिवारी पहाटे पोर्ट्समथ किंवा रोझोच्या बाजारात गेल्यावर कोकणातला माणूस हरखून जाईल: अळू, नीरफणस, केळी, रताळी, आले, हळद, शहाळी. तिथे अळूला ‘डॅशीन’ म्हणतात आणि त्याच्या पानांचे ‘कॅलालू’ नावाचे दाट सूप करतात, ज्याची आपल्या फदफद्याशी सख्खी जवळीक आहे. फक्त त्यात खेकडा किंवा मांस आहे का ते विचारून घ्यावे. डाळी, पोहे आणि मसाले मात्र बोटीवर आधीच भरून ठेवावेत. पिण्याच्या पाण्याची ददात नाही. बेटावर ३६५ नद्या आहेत असे तिथले लोक अभिमानाने सांगतात.

देवमासे आणि पाण्याखालचे जग?

पश्चिम किनाऱ्याच्या खोल पाण्यात स्पर्म जातीचे देवमासे बारमाही राहतात आणि २०२३ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी सुमारे ८०० चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर केले. ते दिसल्यास वेग कमी करून दूर राहावे. परवान्याशिवाय त्यांच्याजवळ पाण्यात उतरता येत नाही. हवेची टाकी लावून बुडी मारायची तर स्थानिक केंद्राबरोबरच मारावी. शँपेन रीफ या प्रवाळखडकावर तळातून निघणारे गरम बुडबुडे साध्या मुखवट्यानेही दिसतात.

मुलांना कोणत्या धोक्याची जाणीव द्यावी?

मँचिनील या झाडाची. किनाऱ्यावर वाढणाऱ्या या झाडाची लहान हिरवी फळे सफरचंदासारखी दिसतात आणि ती विषारी असतात; त्याच्या चिकाने, इतकेच नव्हे तर पावसात त्याखाली उभे राहिल्यानेही, कातडीवर फोड येतात. डासांपासूनही जपावे.

स्थानिकांशी बोलायला विषय काय काढावा?

क्रिकेट. रोझोच्या विंडसर पार्क मैदानावर जुलै २०२३ मध्ये मुंबईकर यशस्वी जयस्वालने कसोटी पदार्पणातच १७१ धावा केल्या, रोहित शर्मानेही शतक ठोकले आणि अश्विनने सामन्यात बारा बळी घेतले. भारत एका डावाने जिंकला, तरी त्या सामन्याविषयी तिथला टॅक्सीवाला मनमोकळेपणाने बोलतो.

निघताना काय पाहावे?

निर्गमनाचा दाखला जवळ आहे, मुअरिंगचे पैसे चुकते झाले आहेत आणि आपल्या नावाड्याचा निरोप घेतला आहे, एवढे पाहावे. डॉमिनिकाचे चलन पूर्व कॅरिबियन डॉलर असून एका अमेरिकन डॉलरला २.७० असा त्याचा दर १९७६ पासून स्थिर आहे. ग्वाडलूप आणि मार्टिनिकमध्ये युरो चालतात आणि या नोटा कोणी घेत नाही. उरलेल्या नोटा शेवटच्या सकाळी बाजारात पपनस, आले आणि एक मोठा नीरफणस घेण्यात खर्च कराव्यात. नीरफणसाचे काप खाडी ओलांडण्याआधीच तळून डब्यात भरून ठेवावेत, कारण बेटाचा आडोसा सुटल्यावर शेगडीपाशी उभे राहणे कठीण होते.